भूशास्त्र आणि धोरण, दोन्हींची इंटर्नशिप मराठवाड्यात कशी करावी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ राहील. तुम्ही परभणी जिल्ह्यातले, एम.एस्सी. जिऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहात. दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटची ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, करायची आहे. खडक-पाण्याइतकीच सरकारी धोरणं कशी ठरतात याचीही ओढ आहे. दोन्ही एकत्र शिकवणारी जागा मराठवाड्यात दिसत नाही, म्हणून पुणे किंवा दिल्ली गाठावी का, आणि विनावेतन काम करावं का, असं तुम्ही विचारलंय. घरची शेती कोरडवाहू आहे, बाहेरगावचा खर्च झेपणार नाही, हेही लिहिलंय. ते लिहिलंत हे बरं केलंत, कारण सल्ला त्यावरच अवलंबून आहे.

मी भूजलशास्त्राची. सगळी नोकरी मराठवाड्यातच झाली, पाणलोटाच्या आणि गावपाणी योजनांच्या कामात. दर उन्हाळ्यात विद्यार्थी आमच्याकडे येतात, आणि बहुतेकांची अडचण तुमच्यासारखीच असते. ते पाटी शोधत असतात. ‘भूशास्त्र व सार्वजनिक धोरण’ अशी पाटी लावलेलं कार्यालय आपल्याकडे नाही आणि दिल्लीतही फारसं सापडणार नाही. जिऑलॉजीच्या कार्यालयात गेलात तर खडकाचे नमुने आणि नकाशे हाती येतील, धोरणाच्या संस्थेत गेलात तर अहवाल वाचून सादरीकरणं करायला लावतील. दोन्ही गोष्टी एकत्र येतात त्या एखाद्या निर्णयात. जमिनीवर काहीतरी मोजलं जातं, तो आकडा कागदावर चढतो, आणि त्यावरून कुणाला काहीतरी मिळतं किंवा नाकारलं जातं. म्हणून संस्था नंतर शोधा, आधी असा एक निर्णय निवडा आणि विहिरीपासून फायलीपर्यंत त्याचा माग काढा. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीभोवती आहे.

असे निर्णय आपल्याकडे पावलोपावली आहेत. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की तिथे अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची हालचाल सुरू होते. आता एका मंडळात किती गावं येतात आणि पर्जन्यमापक कुठे बसवलाय ते बघा. वळवाचा पाऊस नाल्याच्या एका बाजूला कोसळतो आणि दुसऱ्या बाजूला धूळ उडत असते, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. दुष्काळाचंही तसंच. 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसाची तूट आणि खंड हा पहिला ट्रिगर, म्हणजे पुढची तपासणी सुरू करणारी अट. मग पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजलपातळी हे निर्देशांक. आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष सत्यमापन. 2018 च्या ऑक्टोबरात राज्यातले 151 तालुके याच पद्धतीने जाहीर झाले. 2023 ला आधी 40 तालुकेच आले आणि ‘आमचा तालुका का नाही’ म्हणून ठिकठिकाणी ओरड झाली. त्या ओरडीतली किती रास्त आणि किती नाही, हे सांगायला दोन्ही बाजू कळणारा माणूस लागतो. त्या माणसाची आपल्याकडे फार वानवा आहे, आणि म्हणूनच तुमचा प्रश्न वाचून मी एवढं लांब लिहायला बसले.

किल्लारीची आठवण तर द्यायलाच हवी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तो भाग भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. भूकंप 6.2 रिश्टरचा. तेवढा भूकंप कमकुवत घरांची वस्ती नसेल तिथे इतके बळी घेत नाही. माणसं गेली ती प्रामुख्याने दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर आल्यामुळे. पुढे 52 गावं नव्या जागी वसवली गेली आणि भूकंपरोधक बांधकामाच्या 2002 च्या सुधारित मानकात पहिलं क्षेत्र रद्द होऊन लातूरचा हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. एक नकाशा बदलला म्हणजे घरबांधणीचे नियम बदलले, खर्च बदलला, शाळेच्या इमारतीचा आराखडा बदलला. तुमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येतात, धक्के बसतात. 10 जुलै 2024 चा 4.5 रिश्टरचा धक्का तर परभणी-नांदेडलाही जाणवला. भूकंपात रस असेल तर तिथल्या दोन-तीन गावांत दगडमातीची घरं किती, नव्या बांधकामात भिंती बांधून ठेवणारे आडवे पट्टे घालतात का, धक्क्यांनंतर ग्रामपंचायतीला कोणत्या सूचना आल्या आणि त्या वाड्या-वस्त्यांवर पोचल्या का, एवढंही ओजेटीला पुरेल.

पण तुमच्या बाबतीत, घर परभणी जिल्ह्यात आणि हातात 120 तास, मी पाणीटंचाईचा प्रश्न सुचवेन. प्रश्न इतका साधा ठेवा: या गावाला टँकर कोणत्या आकड्यावरून मिळाला, आणि शेजारच्या तांड्याला का नाही? जिंतूरचा डोंगराळ पट्टा घ्या किंवा गंगाखेड-पालमकडचा. गोदावरीकाठची गाळाची गावं या प्रश्नासाठी टाळा, तिथे भूजलाचं गणित वेगळं आहे.

पहिला भाग विहिरीवर. मे महिन्यात सकाळी लवकर जा, मोटारी सुरू होण्याआधी. वजन बांधलेला टेप सोडा, पाण्याला टेकल्याचा आवाज आणि हाताला लागणारा सैलपणा ओळखायला शिका. टेपवरचा आकडा लगेच वहीत उतरवू नका. आधी कठड्याची उंची मोजून वजा करा, नाहीतर एका विहिरीची पातळी कठड्यापासून आणि दुसरीची जमिनीपासून धरली जाते आणि तीन-चार फुटांचा फरक खडकाच्या नावावर खपतो. मग मालकाला विचारा, शेवटची मोटार कधी बंद केली? या आठवड्यात शेतीची लाइट दिवसाची की रात्रीची? रात्रीची असेल तर सकाळी दिसणारी पातळी ही उपशानंतर सावरत असलेली पातळी असते. ती खरी स्थिर पातळी धरता येत नाही. हे दोन प्रश्न न विचारता गोळा केलेल्या आकड्यांचे सुंदर आलेख मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचा निर्णयाला काही उपयोग होत नाही.

त्याच विहिरीत वाकून थर वाचा. वर काळी माती, खाली मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा, मऊसर मांजऱ्या खडक, मध्येच गेरूचा लाल पट्टा, तळाला काळा पाषाण. दख्खनच्या लाव्ह्याचा एकेक थर असा उघडा दिसतो तो विहिरीतच. कोणत्या थरातून झरे फुटलेत ते बघा, आणि गावातल्या विहीर खोदणाऱ्या जुन्या माणसाशी बोला. पाणी किती फुटांवर लागलं आणि कुठल्या साली आटलं हे त्याला तोंडपाठ असतं. पाझर तलावाच्या खाली मांजऱ्यात खोदलेली विहीर मेपर्यंत तग धरते. तीच विहीर वर टेकाडावर पाषाणात असेल तर संक्रांतीलाच तळ दाखवते. गाव एक, पाऊस एक, पण पाणी वेगळं. प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

दुसरा भाग कागदावर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजल्या जातात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. आलेली पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून संभाव्य टंचाईची गावं काढतात. त्यावरून जिल्ह्याचा टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. तुमच्या गावाला सर्वांत जवळची निरीक्षण विहीर कुठली, ती पाझर तलावाखाली आहे की टेकाडावर, हे जाऊन बघा. आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीने एवढंच केलं होतं. निरीक्षण विहीर तलावाच्या अंगाला होती, त्यामुळे त्या भागाची पातळी कागदावर ठीक दिसत होती आणि वरच्या तांड्यावर बाया फेब्रुवारीपासून दुसऱ्याच्या वावरातून पाणी आणत होत्या. यात कुणाची लबाडी नव्हती. विहिरी मोजक्या आणि खडक चार पावलांवर बदलणारा, म्हणून असं घडतं. तिने नकाशावर दोन ठिपके आणि दोन खडक दाखवले, आणि तहसीलच्या बैठकीत तो नकाशा पाच मिनिटं का होईना पाहिला गेला.

त्यानंतर फाइल बघा. ग्रामपंचायतीचा ठराव, लोकसंख्येचा दाखला, उपलब्ध विहिरी-हापशांची स्थिती, संयुक्त पाहणी, अधिग्रहण करता येईल अशी खासगी विहीर आहे का याची नोंद, मग टँकरच्या खेपा. टँकरचं पाणी माणशी 20 लिटरच्या हिशेबाने धरतात. जलजीवन मिशनच्या नळाचं उद्दिष्ट माणशी 55 लिटर आहे. दोन्ही आकडे एकाच गावाच्या वेगवेगळ्या फायलींत सापडतील. त्या दोन फायली शेजारी ठेवून वाचणं म्हणजेच धोरणाचा अभ्यास. तांड्याची लोकसंख्या मूळ गावात धरली की वेगळी, जनावरांचं पाणी कुठून येणार, असे प्रश्न तिथेच सुचतात. दिल्लीत बसून ते सुचत नाहीत.

शासन निर्णय वाचण्याची एक सवय आत्तापासून लावून घ्या. जीआरच्या वरच्या बाजूला ‘वाचा’ म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते. विद्यार्थी ती सोडून थेट मजकुरावर जातात. तुम्ही उलटं करा, यादीतला सर्वांत जुना निर्णय काढा आणि तिथून पुढे या. काय सैल झालं, काय घट्ट झालं, कुणाचा अधिकार कुणाकडे गेला, हे कळत जातं. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर नको, ही अट 1993 च्या भूजल अधिनियमापासूनची. पुढे 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम आला आणि त्याने 60 मीटरच्या पलीकडच्या विहिरीला खोल विहीर मानलं. 60 मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. आपल्या शिवारात बोअर किती फूट जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे. कायदा आणि शिवार यांत हे अंतर का पडलं, याचं उत्तर अर्धं खडकात आहे आणि अर्धं शेतकऱ्याच्या कर्जात.

आता जागा. जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिकांना भेटा, पहिली पसंती तीच. अधिकारी कसा भेटतो यावर पुष्कळ अवलंबून आहे, आणि त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही. काही साहेब विद्यार्थ्याला गाडीत घालून शिवारात नेतात, काही नुसती सही करून देतात. तिथे दार उघडलं नाही तर अंबाजोगाईचं मानवलोक आहे, मराठवाड्यात शेती-पाण्याचं काम 1982 पासून करतंय. जालना जिल्ह्यात पाणलोटाचं काम केलेल्या संस्था आहेत, त्यात वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टही येतो. छत्रपती संभाजीनगरला वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर आहे, तिथले विद्यार्थी गावपातळीवरचा कारभार आपल्यापेक्षा बारकाईने बघतात. त्यांच्यापैकी कुणाशी जोडी जमली तर तुम्ही खडक बघा, ते ठराव बघतील. अशी जोडी मला सर्वांत आवडते. जालना, लातूर, धाराशिव हे जिल्हे अटल भूजल योजनेत होते, तिथल्या ग्रामपंचायतींकडे पाण्याचा ताळेबंद आणि जलसुरक्षा आराखडे तयार सापडतील. ते आराखडे मे महिन्यातल्या विहिरीशी ताडून बघणं हाही चांगला विषय आहे. आणि तुम्ही नांदेडच्या बाजूला राहत असाल तर देगलूर, बिलोली, किनवटकडे बेसाल्ट संपून ग्रॅनाइट-नाईस सुरू होतो, किनवट भागात पाण्यात फ्लोराइडचाही प्रश्न आहे. खडक बदलला की प्रश्नच बदलतो.

अर्ज एका पानाचा करा. ‘मला आपल्या नामांकित संस्थेत शिकण्याची संधी मिळावी’ अशा अर्जांचा ढीग असतो, तो बाजूला पडतो. पहिल्याच ओळीत तुमचा प्रश्न लिहा. मग दोन-तीन गावांची नावं, तुम्ही काय मोजणार, त्यांच्याकडून कोणती नोंद हवी, तारखा, आणि काम झाल्यावर त्यांना काय देणार. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ‘या तीन गावांतील विहिरींची अक्षांश-रेखांशासह पातळी आणि खडकाची नोंद कार्यालयास देईन’ असं लिहिलेला अर्ज मी तरी कधी नाकारलेला नाही. विभागप्रमुखांचं पत्र जोडा. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत द्या. मार्चअखेरीला कुणी वर बघत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये टंचाई शाखेत उभं राहायला जागा नसते. अर्थात काम बघायचं ते त्याच दिवसांत. 120 तास सलग करायचे की मे आणि ऑक्टोबर असे विभागून, हे तुमच्या महाविद्यालयाला विचारा. परवानगी मिळाली तर विभागून करा, पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी दोन्ही हाती येतील.

पैशाबद्दल. इंटर्नशिपसाठी फी मागणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका, प्रमाणपत्र कितीही रंगीत असो. विनावेतन काम करावं का, याला माझं उत्तर असं: घरून जाऊन-येऊन होत असेल, क्रेडिट मिळत असेल आणि काम तुमच्या नावाने राहणार असेल तर करा. बाहेरगावी खोली भाड्याने घेऊन विनावेतन करू नका. संस्थेकडे मानधन नसलं तरी पेट्रोल आणि दुपारचं जेवण मागायला लाजू नका. बहुतेक ग्रामीण संस्था राहण्या-जेवणाची सोय करतात, ती विचारल्याशिवाय सांगत नाहीत. सरकारी कार्यालयात मानधनाची अपेक्षा ठेवू नका, पण क्षेत्रभेटीला त्यांच्या गाडीत जागा मागा.

मग पुणे-दिल्ली कधीच नको का? तसं मी म्हणत नाही. पुण्याची अॅक्वाडॅम ही संस्था भूजलाचं फार चांगलं प्रशिक्षण देते, मुंबई आयआयटीचं सितारा केंद्र ग्रामीण पाणीपुरवठ्यावर विद्यार्थ्यांना कामाला लावतं, नीती आयोगाच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करता येतो. पण तिथे जाताना हातात स्वतःच्या शिवाराचं एक नीट केलेलं काम असू द्या. पुढे मुख्यमंत्री फेलोशिपचा विचार असेल तर तिथे 21 ते 26 ही वयाची अट आणि वर्षभराचा अनुभव लागतो. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून केंद्रीय भूजल मंडळात जायचं असेल तरी हे काम वाया जात नाही.

गावात वागण्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण तिच्यावर सगळं अडतं. विहीर मोजायला आलेल्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. बोअरची नोंद होईल, लाइट तोडतील, अनुदान जाईल, अशी भीती असते. पहिल्या दिवशी सरपंच आणि ग्रामसेवकांना भेटून कॉलेजचं पत्र दाखवा. शेतकऱ्याला सांगा की नोंद कशासाठी आहे आणि नाव कुठे येणार नाही. आणि खरंच येऊ देऊ नका. अहवालात विहिरीला क्रमांक द्या, मालकाचं नाव आणि गट क्रमांक तुमच्या वहीतच राहू द्या. बायकांशी बोलल्याशिवाय पाण्याचा अभ्यास पुरा होत नाही. त्यासाठी सोबत मैत्रीण किंवा गावातली आशाताई असेल तर बोलणं मोकळं होतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, अहवाल इंग्रजीत की मराठीत? महाविद्यालयाला हवा तसा इंग्रजीत द्या. त्याशिवाय दोन पानं मराठीत काढा: एक नकाशा, विहिरींचा तक्ता, आणि तुम्हाला काय दिसलं ते आठ-दहा ओळींत. एक प्रत भूजल कार्यालयाला, एक तहसीलच्या टंचाई शाखेला, एक ग्रामपंचायतीला. मेमध्ये मोजलंत तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ती वाचायला वेळ मागा, आणि ऑक्टोबरचं मोजमाप झालं की तक्त्यात दुसरा रकाना भरून पुन्हा द्या. त्याच सुमारास पहिल्या टप्प्याचा टंचाई आराखडा तयार होत असतो.